खेळाडूंची मोठी अदलाबदल कशी तोलावी? आयर्विंग–थॉमस व्यवहार (२०१७) : एक अभ्यास



एखाद्या मोठ्या खेळाडूचा संघ बदलला की दुसऱ्याच दिवशी एक प्रश्न सर्वत्र विचारला जातो : या सौद्यात जिंकले कोण? उत्तरेही लगेच मिळतात आणि वर्षभरात ती बहुधा बदलतात. प्रस्तुत पाठात आपण हा प्रश्न थोडा शिस्तीने विचारणार आहोत. त्यासाठी अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतील एक प्रत्यक्ष व्यवहार घेऊ. २२ ऑगस्ट २०१७ रोजी क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स आणि बोस्टन सेल्टिक्स या दोन संघांनी आपापले प्रमुख गार्ड एकमेकांना देण्याचे ठरवले. तीनच महिन्यांपूर्वी हे दोन संघ पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत समोरासमोर खेळले होते. म्हणजे जेतेपदाच्या दोन दावेदारांनी परस्परांनाच बळ पुरवले होते.

हा पाठ वाचण्यासाठी बास्केटबॉलची सखोल माहिती असण्याची गरज नाही. अर्थशास्त्र, वाणिज्य, व्यवस्थापन किंवा संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना यातील बहुतेक कल्पना ओळखीच्या वाटतील.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- एनबीएमधील अदलाबदलीचे मूलभूत नियम सांगणे.
- प्रतिस्पर्धी संघ आपसांत व्यवहार का करतात, हे उदाहरणासह स्पष्ट करणे.
- व्यवहार तोलण्याच्या पाच कसोट्या वापरणे.
- निर्णयाची गुणवत्ता आणि निकाल यांतील फरक ओळखणे.

१. पार्श्वभूमी

क्लीव्हलँडने २०१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सला सातव्या सामन्यात हरवून विजेतेपद मिळवले. त्या सामन्याच्या अखेरच्या मिनिटातील निर्णायक तीन गुणांची बास्केट कायरी आयर्विंगने केली होती. संघाचा कणा अर्थातच लेब्रॉन जेम्स हा होता. २०१७ मध्ये क्लीव्हलँड पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले, पण या वेळी वॉरियर्सकडून हरले. त्यानंतरच्या जुलै महिन्यात आयर्विंगने आपल्याला दुसऱ्या संघाकडे पाठवावे अशी मागणी केल्याचे उघड झाले. दुसरीकडे, जेम्सला २०१८ च्या उन्हाळ्यात करारातून मोकळे होण्याचा अधिकार होता. थोडक्यात, क्लीव्हलँडचा एक तारा जाऊ पाहत होता आणि दुसरा वर्षभराने जाईल अशी शक्यता होती.

बोस्टनची स्थिती वेगळी होती. २०१६-१७ च्या साखळी फेरीत त्यांनी ८२ पैकी ५३ सामने जिंकून पूर्व विभागात पहिला क्रमांक मिळवला होता. क्लीव्हलँडचे विजय ५१ होते. तरीही विभागीय अंतिम मालिकेत क्लीव्हलँडने बोस्टनला ४-१ असे सहज हरवले. बोस्टनचा आधारस्तंभ होता आयझया थॉमस. त्याची उंची ५ फूट ९ इंच. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तो शेवटचा, ६० वा निवडला गेला होता. त्याच ड्राफ्टमध्ये पहिली निवड आयर्विंगची होती. २०१६-१७ मध्ये मात्र थॉमसची सरासरी होती सामन्यागणिक २८.९ गुण आणि आयर्विंगची २५.२.

२. व्यवहारात कोणी काय दिले?

बोस्टनला मिळाले :

- कायरी आयर्विंग (वय २५; पगार सुमारे १.८९ कोटी डॉलर, करार किमान २०१९ पर्यंत)

क्लीव्हलँडला मिळाले :

- आयझया थॉमस (वय २८, पगार सुमारे ६२.६ लाख डॉलर, करार २०१८ मध्ये संपणारा)
- जे क्राउडर (पगार सुमारे ६८ लाख डॉलर)
- अँटे झिझिच (क्रोएशियाचा तरुण सेंटर, पगार सुमारे १६.५ लाख डॉलर)
- ब्रुकलिन नेट्स संघाचा २०१८ च्या ड्राफ्टमधील पहिल्या फेरीचा निवडहक्क
- पुढे वाढवून दिलेला, मायामी हीटचा २०२० चा दुसऱ्या फेरीचा निवडहक्क

ब्रुकलिनचा निवडहक्क बोस्टनकडे कसा आला? २०१३ मध्ये बोस्टनने केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स हे उतारवयातील तारे ब्रुकलिनला देऊन त्यांचे अनेक वर्षांचे निवडहक्क घेतले होते. त्यांतूनच २०१६ मध्ये जेलन ब्राउन आला. २०१७ चा हक्क पहिल्या क्रमांकाचा ठरला. बोस्टनने तो फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक व आणखी एक भावी हक्क घेतला, आणि तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमची निवड केली. ही दोन नावे लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी ती पुन्हा येतील.

३. नियमांची चौकट

भारतीय वाचकाला आयपीएलची ओळख असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे गेला, तो पूर्णपणे पैशांच्या व्यवहारात. त्याच्या बदल्यात खेळाडू द्यावा लागला नाही. एनबीएमध्ये असे सहसा होत नाही. तेथे संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०१७-१८ साठी ती सुमारे ९.९१ कोटी डॉलर होती. काही सवलतींच्या आधारे ही मर्यादा ओलांडता येते. मात्र मर्यादा ओलांडलेल्या संघाला अदलाबदल करताना जाणारे आणि येणारे पगार जवळपास जुळवावे लागतात. त्याहून वर आणखी एक रेषा असते. ती ओलांडल्यास दंडवजा कर भरावा लागतो. क्लीव्हलँड त्या रेषेच्या वर होते.

आता एक छोटे गणित करू. तेव्हाच्या नियमानुसार करमर्यादेखालील संघ सुमारे ६५ लाख ते १.९६ कोटी डॉलरचे पगार देत असेल, तर त्याला दिलेल्या रकमेपेक्षा ५० लाख डॉलरपर्यंत जास्त पगार घेता येत असे. बोस्टन या गटात येत होते.

- फक्त थॉमस आणि क्राउडर दिले तर : ०.६३ + ०.६८ = १.३१ कोटी. त्यात ०.५० मिळवले की १.८१ कोटी. आयर्विंगचा पगार १.८९ कोटी. व्यवहार बसत नाही.
- झिझिचही दिला तर : १.३१ + ०.१६ = १.४७ कोटी. त्यात ०.५० मिळवले की १.९७ कोटी. व्यवहार बसतो.

यावरून काय दिसते? सौद्यातील प्रत्येक नाव केवळ खेळातील गुणांमुळे येत नाही. काही नावे हिशेब जुळवण्यासाठीही लागतात. शिवाय क्लीव्हलँडने १.८९ कोटींचा पगार देऊन १.४७ कोटींचे पगार घेतले, म्हणजे त्यांचा करही हलका झाला.

४. प्रतिस्पर्ध्याला बळ का द्यावे?

विजेतेपद एकच असते. एका हंगामात सर्व संघांच्या जेतेपदाच्या शक्यतांची बेरीज नेहमी १ येते. मग एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याची हानी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दोन बाबी लक्षात घ्या. एक, स्पर्धेत दोनच संघ नसून ३० संघ आहेत. दोन, दोघांचे वेळेचे गणित वेगळे असू शकते.

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत.

- क्लीव्हलँड, व्यवहार न केल्यास : चालू वर्षी ०.२०, पुढील तीन वर्षांत मिळून ०.१०, एकूण ०.३०
- क्लीव्हलँड, व्यवहार केल्यास : चालू वर्षी ०.१७, पुढे ०.२०, एकूण ०.३७
- बोस्टन, व्यवहार न केल्यास : चालू वर्षी ०.१०, पुढे ०.४०, एकूण ०.५०
- बोस्टन, व्यवहार केल्यास : चालू वर्षी ०.१२, पुढे ०.४५, एकूण ०.५७

येथे दोघांनाही ०.०७ चा लाभ झाला. तो आला कोठून? उरलेल्या २८ संघांच्या वाट्यातून. क्लीव्हलँडने चालू वर्षातील थोडी शक्यता सोडून पुढच्या वर्षांची शक्यता घेतली. म्हणजेच, शून्य बेरजेच्या खेळातही दोन खेळाडू मिळून तिसऱ्याच्या वाट्यातून फायदा मिळवू शकतात.

५. तोलण्याच्या पाच कसोट्या

*(अ) तुलना कशाशी?* क्लीव्हलँडने मिळालेल्या गोष्टींची तुलना 'समाधानी आयर्विंग'शी करणे चूक ठरेल. असा आयर्विंग त्यांच्याकडे उरलाच नव्हता. खरी तुलना नाराज आयर्विंगला ठेवून घेण्याशी, किंवा इतर संघांच्या देकारांशी आहे. अर्थशास्त्रात याला संधिव्यय म्हणतात. निर्णयाचे मोल ठरते ते हातून सुटलेल्या सर्वोत्तम पर्यायाच्या तुलनेत.

*(आ) वय आणि कराराची मुदत.* थॉमस गुणांमध्ये पुढे असला तरी त्याचे वय २८ होते आणि करार एकाच वर्षाचा उरला होता. आयर्विंग २५ वर्षांचा आणि दोन वर्षांच्या कराराने बांधलेला. संघ खेळाडू 'विकत' घेत नाही. त्याच्या खेळाची काही वर्षे घेतो. म्हणून सरासरी गुणांच्या आधी किती हंगाम मिळणार, हे विचारावे.

*(इ) निवडहक्काची किंमत.* ब्रुकलिन २०१६-१७ मध्ये केवळ २० सामने जिंकून तळाला होते. २०१८ चा हक्कही पहिल्या दोन-तीन क्रमांकांत येईल अशी अनेकांची अपेक्षा होती. पण येथे प्रोत्साहनाचा प्रश्न येतो. तळाच्या संघाला हरण्यात फायदा असतो, कारण हरल्यास चांगला निवडहक्क मिळण्याची शक्यता वाढते. ब्रुकलिनला मात्र हा फायदा नव्हता. त्यांचा हक्क दुसऱ्याच्या खिशात होता. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी डी'अँजेलो रसेलसारखे खेळाडू आणून संघ सुधारायला घेतला होता. त्यामुळे गतवर्षीचा क्रमांक जसाच्या तसा पुढे नेणे धोक्याचे होते.

*(ई) माहितीची असमानता.* थॉमसच्या उजव्या खुब्याला मार्च २०१७ मध्ये इजा झाली होती. प्लेऑफमध्ये ती बळावली आणि क्लीव्हलँडविरुद्धच्या मालिकेत दुसऱ्या सामन्यानंतर त्याला खेळता आले नाही. त्या खुब्याबद्दल अधिक माहिती कोणाकडे असणार? अर्थात बोस्टनकडे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हाच प्रश्न मांडला होता : विकणाऱ्याला दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. यावर बाजाराने काढलेला एक उपाय म्हणजे तपासणीची अट. एनबीएमध्ये खेळाडूची वैद्यकीय तपासणी समाधानकारक ठरल्यावरच व्यवहार पक्का होतो. थॉमसच्या तपासणीनंतर क्लीव्हलँडने जास्त मोबदला मागितला. अखेर ३० ऑगस्टला, दुसऱ्या फेरीच्या एका हक्काची भर पडून, व्यवहार पूर्ण झाला. दुसऱ्या फेरीतून नामांकित खेळाडू क्वचितच मिळतो, हे ध्यानात घेतल्यास एवढ्या मोठ्या जोखमीची ही भरपाई अल्प होती.

*(उ) काय दिले नाही?* सौद्याच्या यादीत जे नसते तेही तोलावे लागते. बोस्टनने ब्राउन दिला नाही आणि टेटमही दिला नाही.

६. पुढे काय घडले?

१७ ऑक्टोबर २०१७ रोजी हंगामाचा पहिलाच सामना याच दोन संघांत झाला. पहिली काही मिनिटे होत नाहीत तोच बोस्टनचा नवा खेळाडू गॉर्डन हेवर्ड याचा घोटा मोडला व त्याचा हंगाम संपला. थॉमस जानेवारी २०१८ मध्ये क्लीव्हलँडसाठी मैदानात उतरला. तो १५ सामने खेळला, सरासरी १४.७ गुणांवर आली आणि ८ फेब्रुवारीला क्लीव्हलँडने त्याला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवले. त्याच दिवशी क्राउडरही यूटा जॅझकडे गेला. सहा महिन्यांच्या आत सौद्यातील दोन मुख्य खेळाडू क्लीव्हलँडहून बाहेर पडले होते.

आयर्विंगने बोस्टनसाठी सामन्यागणिक २४.४ गुण केले, परंतु गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०१८ चे प्लेऑफ तो खेळू शकला नाही. तरीही तरुण बोस्टनने विभागीय अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेली. तेथे जेम्सच्या ३५ गुणांच्या जोरावर क्लीव्हलँड ८७-७९ असे जिंकले. अंतिम फेरीत वॉरियर्सने त्यांना ४-० ने हरवले. त्या उन्हाळ्यात जेम्स लेकर्सकडे गेला आणि पुढच्या हंगामात क्लीव्हलँडने ८२ पैकी केवळ १९ सामने जिंकले. ब्रुकलिनचा निवडहक्क आठव्या क्रमांकाचा ठरला. त्यातून कॉलिन सेक्स्टन आला, आणि २०२२ मध्ये डोनोव्हन मिचेलला मिळवताना क्लीव्हलँडने जे दिले त्यात सेक्स्टनही होता.

ऑक्टोबर २०१८ मध्ये आयर्विंगने बोस्टनच्या चाहत्यांसमोर इथेच राहण्याचा मनोदय सांगितला. जुलै २०१९ मध्ये तो ब्रुकलिनला गेला. बोस्टनसाठी तो प्लेऑफचे नऊच सामने खेळला होता. २०२४ मध्ये बोस्टनने विजेतेपद मिळवले, ते ब्राउन आणि टेटम यांच्या बळावर. समोरचा संघ होता डॅलस मॅव्हरिक्स, आणि त्यात आयर्विंग होता.

७. निर्णय आणि निकाल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निकाल पाहून 'दोघेही फसले' असे म्हणणे सोपे आहे. पण निर्णय तोलताना त्या दिवशी काय कळण्याजोगे होते, एवढेच पाहावे. यासाठी घटनांचे तीन गट करा.

कळण्याजोगे होते : थॉमसचा खुबा, ब्रुकलिनची सुधारणा, जेम्सच्या कराराची मुदत.

अंशतः कळण्याजोगे होते : आयर्विंगचा गुडघा. २०१५ च्या अंतिम मालिकेत त्याच्या डाव्या गुडघ्याची वाटी मोडली होती आणि तेव्हा बसवलेले धातूचे भाग २०१८ मध्ये काढावे लागले. जोखीम होती, ती नेमकी कधी डोके वर काढील, हे सांगता येत नव्हते.

कळण्याजोगे नव्हते : हेवर्डचा अपघात.

या निकषावर क्लीव्हलँडचा विकण्याचा निर्णय समर्थनीय ठरतो. नाराज खेळाडूच्या बदल्यात त्यांनी 'आज' आणि 'उद्या' यांची मिश्र टोपली घेतली. चूक होती ती 'आज'चा मोठा भाग एका दुखऱ्या खुब्यावर ठेवण्यात. 'उद्या'चा भाग, म्हणजे निवडहक्क, अपेक्षेपेक्षा कमी ठरूनही उपयोगी पडला. बोस्टनला दोन हंगाम मिळाले, विजेतेपद नाही. पण त्यांनी मोजलेली किंमतही पेलण्याजोगी होती, कारण भविष्याचे मुख्य भांडवल त्यांनी घरातच ठेवले. बोस्टनच्या बाजूने पाहता या व्यवहारातील सर्वांत मोलाचा निर्णय आयर्विंगला घेण्याचा नव्हता. ब्राउन आणि टेटम यांना न सोडण्याचा होता.

८. हिशेबात न बसणारी बाजू

आतापर्यंत आपण खेळाडूंना 'मालमत्ता' समजून बोललो. या भाषेची मर्यादाही ओळखायला हवी. १५ एप्रिल २०१७ रोजी, बोस्टनच्या प्लेऑफमधील पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, थॉमसची धाकटी बहीण मोटार अपघातात गेली. तो दुसऱ्या दिवशी खेळला. २ मे रोजी, तिच्या जन्मदिवशी, त्याने वॉशिंग्टनविरुद्ध ५३ गुण केले. दुखऱ्या खुब्याने तो खेळत राहिला, आणि त्याच खुब्यामुळे त्याचे बाजारमूल्य घसरले. एनबीएमध्ये खेळाडूला दुसरीकडे पाठवताना सहसा त्याची संमती लागत नाही. आयर्विंगने बदल मागितला होता, थॉमसने नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात मोठ्या कराराची अपेक्षा असलेल्या थॉमसने डेन्व्हर नगेट्सशी एका वर्षाचा किमान वेतनाचा करार केला.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. संघासाठी दुखणे अंगावर काढणाऱ्याने पत्करलेल्या जोखमीची भरपाई कोणी करायची? नियमानुसार बोस्टनने काहीही गैर केले नाही. पण खेळाडू हे पाहून शिकतात. पुढच्या वेळी एखादा खेळाडू दुखापत घेऊन उतरायला नकार देईल, तेव्हा त्याला स्वार्थी म्हणण्यापूर्वी हा हिशेब आठवावा. निष्ठेची अपेक्षा एकाच बाजूने ठेवली तर तीही हळूहळू महाग होत जाते, आणि ती किंमत कोणत्याही पगाराच्या तक्त्यात दिसत नाही.

सारांश

अदलाबदल तोलताना खऱ्या पर्यायाशी तुलना करावी. आजच्या गुणांपेक्षा मिळणारे हंगाम मोजावेत. भावी हक्काची किंमत ठरवताना संबंधितांची प्रोत्साहने पाहावीत. समोरच्याला आपल्यापेक्षा काय अधिक माहीत आहे, हे विचारावे. न दिलेल्या गोष्टीही हिशेबात धराव्यात. निकालावरून निर्णयाची परीक्षा करू नये, आणि आकड्यांमागचा माणूस विसरू नये.

स्वाध्याय

१. झिझिचऐवजी ५ लाख डॉलर पगाराचा खेळाडू दिला असता, तर व्यवहार नियमात बसला असता का? गणित करून दाखवा.

२. विभाग ४ मधील आकडे असे बदला की क्लीव्हलँडला तोटा होईल. असे आकडे कोणत्या परिस्थितीत वास्तवाला धरून असतील?

३. वैद्यकीय तपासणीची अट माहितीची असमानता पूर्णपणे दूर करते का? जुन्या दुचाकीच्या खरेदीचे उदाहरण घेऊन चर्चा करा.

४. तुमच्या आवडीच्या खेळातील एखादी अदलाबदल निवडा. त्या दिवशी कळण्याजोग्या, अंशतः कळण्याजोग्या आणि न कळण्याजोग्या बाबींची यादी करा, आणि मगच आपले मत लिहा.